पाडव्याला नेपाळ

पहाटे 5.30
लिंबायतच्या आमच्या गल्लीत या वेळी पाण्याची मोटर तेवढी ऐकू येते. गाडीचं काम मी आत्ताच काढतो, कारण टायर थंड असताना मोजलेली हवाच खरी. परवा दिवाळीचा पाडवा, त्या दिवशी निघायचं. सुरतचं कापड मार्केट तेव्हापासून लाभपंचमीपर्यंत बंद, त्यापुढची रजा शेठनी दिली आहे. धुळे, इंदूर, झाशी, लखनौ, गोरखपूर करत सोनौलीला सीमा ओलांडायची आणि पोखऱ्यावरून मुक्तिनाथ गाठायचं.

गाडी दीडशे सीसीची पल्सर. परदेशी जायचं तर मोठी गाडी का घेत नाहीस, असं सगळे विचारतात. मला हीच हवी. नेपाळच्या रस्त्यांवर बजाज आणि हिरोच्या गाड्या भरपूर. क्लच केबल, ब्रेक शू, प्लग तिथल्या साध्या गॅरेजातही मिळतात. पहिल्या लांबच्या दौऱ्याला जिथे दुरुस्त होईल तीच गाडी न्यावी, यावर मी ठाम आहे.

चेनला नव्वद नंबरचं तेल दिलं. मग जुना ट्यूबलेस टायर पुढे घेतला आणि त्यात खिळा ठोकला. खिळा उपसायचा, कानशीसारख्या सुयाने भोक घासून मोठं करायचं, रबराची चिकट पट्टी दुसऱ्या सुयाच्या नेढ्यात अर्ध्यावर ओवायची आणि अंगाचा भार देऊन आत सारायची. सुया झटक्यात ओढला की पट्टी आत राहते, बाहेरची टोकं ब्लेडने कापायची. पंक्चरचं किट सगळेच घेतात. पण काळी गंडकीच्या खोऱ्यात, थंडीने बोटं वळत नसताना ते पहिल्यांदा उघडण्यात अर्थ नाही.

सकाळी 8
कागद खाटेवर मांडले. आरसी बुक, लायसन, विमा, पीयूसी, सगळं मूळ. झेरॉक्सचा गठ्ठा वेगळ्या पिशवीत. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण ओळखीला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तिथे आधारच्या भरवशावर जाऊ नये. सीमेवर गाडीचं भन्सार, म्हणजे जकात, दिवसांच्या हिशेबाने भरायचं. मुक्काम लांबला तर दंड बसतो, म्हणून मी दोन दिवस जादाच धरले आहेत. वर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो, तो पोखऱ्यात काढेन. पैसे शंभराच्या नोटांत. भारतीय शंभर म्हणजे नेपाळी एकशेसाठ. हा दर 1993 पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस नाही.

सकाळी 11
रिंग रोडवर, मार्केटमध्ये. दिवाळीचा माल केव्हाच गेला, गोडाउनला उसंत आहे. दोन्ही बॅगा मी मुद्दाम इथे आणल्या, कारण बांधणं शिकायचं तर पार्सलवाल्यांकडून. आमच्याकडे गठ्ठे बांधणारे काका नंदुरबारकडचे. त्यांनी बॅग उचलून पाहिली आणि विचारलं, "इतलं कसाले रे भाऊ?" मग स्वतःच एकेक वस्तू काढायला लागले. तीन जीन्समधली एक राहिली. दुसरे बूट गेले. जाड जॅकेट राहिलं. इथे नोव्हेंबरात पंखा लागतो, मुक्तिनाथला रात्री पाणी गोठतं.

हत्यारं आणि सुटे भाग त्यांनी तळाला घातले, दोन्ही बाजूंना वजन सारखं वाटलं, हलके कपडे वर ठेवले. सीटमागे उंचावर जड सामान चढलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही. ताडपत्रीत गुंडाळून त्यांनी दोरी अशी ओढली की गाठीला हात लावायची गरज नव्हती. "धक्क्याने दोरी सैल होणार, सामान दबणार. पहिल्या तासाभराने थांब आणि पुन्हा ओढ," म्हणाले. माझ्याकडून तीनदा बांधून घेतलं तेव्हाच सोडलं.

दुपारी 2
विमा कंपनीच्या ऑफिसात. आपल्या गाडीचा विमा भारतापुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंकेपर्यंत वाढवता येतो आणि तसं जोडपत्र पॉलिसीला लावून मिळतं. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. आज ते जोडपत्र हातात पडलं आणि जीव भांड्यात पडला.

नेपाळला एवढ्यावर भागतं. इराणसारख्या देशात गाडी न्यायची तर कार्नेट लागतं: ही गाडी तिथे विकली जाणार नाही, परत येईल, याची हमी देणारं वर्षभराच्या मुदतीचं पुस्तक. प्रत्येक सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना त्यावर शिक्का बसतो. आपल्या भागात ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. संस्था 1919 ची. त्यासाठी मोठी रक्कम अडकवावी लागते. आमच्या सुरतच्या डॉ. सारिका मेहता 2019 मध्ये बायकिंग क्वीन्स गटाच्या दोन सोबतिणींसह वाराणसीहून लंडनला मोटारसायकलवर गेल्या. 2023 मध्ये रमिला लटपटे मुंबईच्या गेटवेपासून नऊवारी नेसून जगप्रवासाला निघाल्या. लोक त्यांचे किलोमीटर मोजतात. कागदांची ही फाइल हातात धरल्यावर मला त्यांच्या निघण्याआधीच्या महिन्यांबद्दल जास्त आदर वाटतो.

परतताना मुगलीसराचा रस्ता. महापालिकेची कचेरी आहे ती इमारत 1644 ची, हज यात्रेकरूंची सराई. तेव्हा मक्केला जाणारे सुरतेच्या बंदरात येऊन गलबतांची वाट बघत थांबत. या गावाला परदेशी निघणाऱ्यांची सवय जुनी आहे.

संध्याकाळी 5
सगळं सामान लादून डुमस रोडला चक्कर. रिकाम्या गाडीचा ब्रेक आणि लादलेल्या गाडीचा ब्रेक यात फार फरक पडतो. एका गतिरोधकावर डावी बॅग सायलेन्सरला टेकली. बाजूला थांबून पट्टा दोन घरं वर घेतला. हे इथे कळलं म्हणून बरं.

रात्री 9
आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधायला काढली आहे. आबांनी नकाशा मागितला. पोखरा हजार मीटरच्या आत, मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटर. एका दमात चढायचं नाही, वाटेत मार्फ्याला मुक्काम, हे त्यांना बोट ठेवून दाखवलं. जोमसोमच्या खोऱ्यात दुपारी वारा सुटतो, म्हणून तिथला रस्ता सकाळीच उरकायचा. मुक्कामांची नावं त्यांनी डायरीत उतरवून घेतली.

पहिल्यांदाच सीमेपार निघणार असाल, तर जॅकेटच्या दुकानाआधी विमा कंपनीत जा. जोडपत्राला वेळ लागतो, जॅकेट कधीही मिळतं.