स्ट्रिंगचं परस्पर रूपांतर

मागच्या लेखात पूर्णांक आपोआप दशांश संख्येत कसा बदलतो ते पाहिलं. ५ चे ५.० झाले तर कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून बहुतेक भाषा हा बदल न विचारता करून टाकतात. हीच सवलत स्ट्रिंगलाही मिळावी असं सहज वाटतं. दोन्हीकडे मजकूरच तर आहे, क्लास तेवढे वेगळे. माझं मत उलट आहे. रूपांतर करताना भाषेला स्वतःच्या मनाने काही ठरवावं लागत असेल, तर तो निर्णय प्रोग्रॅमरने उघडपणे लिहायला हवा. आणि स्ट्रिंगच्या बाबतीत ठरवण्यासारखं काहीतरी जवळजवळ नेहमीच असतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा पायथन २ मध्ये आहे. २००० सालापासून त्यात मजकुरासाठी दोन टाइप होते. जुना 'स्ट्र' म्हणजे खरं तर बाइट्सची ओळ, आणि नवा 'युनिकोड' म्हणजे अक्षरांचे संकेतांक. दोघांची बेरीज केली की पायथन 'स्ट्र'चं परस्पर 'युनिकोड' करून घेई आणि त्यातले बाइट्स आस्कीचेच आहेत असं धरून चाले. आस्कीची धाव ० ते १२७. फाइलमधून वाचलेलं नाव रोमन लिपीत असेल तर सगळं सुरळीत. तेच नाव देवनागरीत 'कमल' असं आलं, की यूटीएफ-८ मध्ये त्याचे नऊ बाइट्स होतात. एकट्या 'क'चे तीन, २२४, १६४ आणि १४९. पहिल्याच बाइटला हद्द ओलांडली जाते आणि 'युनिकोडडिकोडएरर' फेकून प्रोग्रॅम थांबतो. त्यातही गंमत अशी, की 'स्ट्र'वर 'एन्कोड' ही मेथड चालवली तरी तक्रार 'डिकोड'चीच यायची, कारण मध्ये एक न मागितलेलं रूपांतर होऊन गेलेलं असे. नवशिक्या माणसाने चूक शोधायची तरी कुठे? कोडची ओळ तीच, टाइप तेच. बदलली ती फक्त माहिती. चाचणीसाठी इंग्रजी नावं वापरली असतील तर दोष तिथे दिसायचाच नाही. तो उघडा पडायचा तो पहिलं मराठी, हिंदी किंवा फ्रेंच नाव आल्यावर.

यावर आक्षेप असा घेतला जातो, की अंदाज बांधणं चूक नव्हतं, आस्कीचा अंदाज चूक होता. यूटीएफ-८ गृहीत धरलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पायथन २ मध्ये 'सेटडीफॉल्टएन्कोडिंग' वापरून अनेकांनी हा उपाय करूनही पाहिला. भाषेने ते फंक्शन सुरुवातीलाच काढून टाकलेलं असे, म्हणून 'सिस' मॉड्यूल रीलोड करून ते परत आणायचं! पण त्यामुळे दोन स्ट्रिंग तुलनेत समान ठरत आणि त्यांचे हॅश मात्र वेगळे येत, त्यामुळे डिक्शनरीत ठेवलेली नोंद शोधूनही सापडेनाशी व्हायची. त्याहून मूळ अडचण ही, की बाइट्सवर त्यांच्या एन्कोडिंगचा शिक्का नसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या जागाच वापरतो. त्याचं रूपांतर बहुतांशी बिनतक्रार होतं आणि हाती येते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. अशा मुकाट्याने झालेल्या चुकीपेक्षा प्रोग्रॅम थांबलेला बरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पायथन ३ ने २००८ मध्ये ही सवलत काढून घेतली. बाइट्स आणि मजकूर यांची बेरीज केली की सरळ 'टाइपएरर'. त्याची किंमत मोठी होती. जुनं कोड हलवायला लोकांना इतकी वर्षं लागली, की पायथन २ चा अधिकृत आधार २०२० उजाडेपर्यंत चालू ठेवावा लागला. हे मान्य. पण त्यातले बरेच कष्ट नव्या नियमाने निर्माण केलेले नव्हते. कुठला मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे हा आधी टाळलेला प्रश्न त्याने समोर आणला. फाइल वाचताना किंवा नेटवर्कवरून माहिती घेताना एकदा उत्तर दिलं, की आतल्या कोडला पुन्हा विचारावं लागत नाही.

सी++ मध्ये निर्णय एन्कोडिंगचा नसून मालकीचा असतो. स्टँडर्ड लायब्ररीतल्या स्ट्रिंगकडून जुन्या पद्धतीचा कॅरॅक्टर पॉइंटर हवा असेल तर 'सी-स्ट्र' हे फंक्शन नाव घेऊन बोलवावं लागतं. हा निव्वळ कर्मठपणा नाही. नाव आणि आडनाव जोडून तयार झालेली तात्पुरती स्ट्रिंग ते विधान संपताच नष्ट होते; तिचा पॉइंटर आपोआप मिळून व्हेरिएबलमध्ये राहिला असता, तर त्याने रिकामी केलेली मेमरी दाखवली असती. उलट दिशेने, पॉइंटरवरून स्ट्रिंग बनवताना मात्र मजकुराची प्रत निघते, म्हणून ते रूपांतर आपोआप होऊ दिलं आहे. सी++१७ च्या 'स्ट्रिंग-व्ह्यू'ने हे गणित थोडं बिघडवलं. स्ट्रिंगवरून व्ह्यू आपोआप मिळतो, पण तो प्रत काढत नाही, नुसता मूळ मजकुराकडे बोट दाखवतो. फंक्शनच्या पॅरामीटरसाठी हे ठीक आहे, कारण तात्पुरती स्ट्रिंगही ते फंक्शन परतेपर्यंत जिवंत असते. तोच व्ह्यू व्हेरिएबलमध्ये साठवला, तर 'सी-स्ट्र'च्या वेळी टाळलेला धोका मागच्या दाराने आत येतो, आणि कंपायलर प्रत्येक वेळी इशारा देईलच असं नाही. हा धोका ओळखायचा तर ऑब्जेक्ट नेमका केव्हा नष्ट होतो ते पाहावं लागेल. पुढचा लेख त्यावर.