स्टिकर सरळ बसला पाहिजे

ऑनलाइन मागवलेली वस्तू घरी कशी येते यावर पुष्कळ लिहून झालं आहे, ती मुळात गोदामात कशी जाते ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून काल्हेरच्या एका गाळ्यात जाऊन बसलो. भिवंडीच्या आसपास असे गाळे बरेच आहेत. सोलापूरच्या चादरी, सिंधुदुर्गातलं कोकम आगळ, नाशिकची तांब्या-पितळेची भांडी असा छोट्या व्यापाऱ्यांचा माल इथे उतरतो. इथे तो पिशवीबंद होतो, त्यावर लेबल लागतं, तो खोक्यांत भरला जातो आणि 'छोटा हत्ती' टेम्पोत चढून दोन-चार किलोमीटरवरच्या महाकाय गोदामाकडे निघतो.

भिवंडी हे मागांचं गाव. गोदामं आली ती मुंबईच्या जकातीमुळे. शहराच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींत शेड बांधल्या आणि लागेल तसा माल आत न्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तरी गोदामं राहिली, कारण महामार्ग आणि न्हावाशेवा बंदर जवळ आहे. ॲमेझॉनने ५ जून २०१३ रोजी भारतात दुकान उघडलं तेव्हा त्यांचं पहिलं गोदामही भिवंडीतच होतं. परकीय भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला आपल्या कायद्यानुसार स्वतःचा माल ग्राहकाला विकता येत नाही. गोदाम कंपनीचं, पण आतली चादर सोलापूरच्या व्यापाऱ्याची. ती तिथे पोचवण्याची आणि नियमात बसवण्याची जबाबदारीही त्याचीच.

इतिहास एवढा पुरे. माझं लक्ष गाळ्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावर खिळलं होतं. तिथे लेबल छापायचं लहानसं यंत्र आहे आणि त्यासमोर सगळे ज्यांना नुसतंच ताई म्हणतात त्या बसतात. पूर्वी त्या यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायच्या. यंत्रातून लेबलांची पट्टी बाहेर आली की पहिलं लेबल त्या उजेडाकडे धरतात आणि डोळे बारीक करतात. काय बघता, असं विचारलं तर म्हणाल्या, "पांढरी रेघ आलीय का बघते, दादा. केसाएवढी असली तरी घात करते."

हे समजायला मला वेळ लागला. यंत्राच्या छपाईपट्टीवर शेकडो सूक्ष्म ठिपके तापतात आणि कागदावर काळं उमटतं. त्यातला एखादा ठिपका मेला की कागद सरकतो त्या दिशेने एक पांढरी रेघ सलग उमटत राहते. बारकोडच्या रेघा त्याच दिशेला उभ्या असतील तर एखादी रेघ त्या फटीत पुरती नाहीशी होऊ शकते आणि कोड मुका होतो. तोच कोड आडवा फिरवून, शिडीच्या पायऱ्यांसारखा छापला, तर पांढरी फट प्रत्येक रेघेला एकाच जागी छेदते. वाचणाऱ्या यंत्राला त्या फटीच्या शेजारून सगळ्या रेघा सापडतात आणि काम होतं. ताईंना हे कुणी शिकवलं नाही. लेबलांची एक अख्खी गुंडाळी वाया गेल्यावर त्यांनी छपाई फिरवून पाहिली आणि तेव्हापासून तशीच ठेवली. रोज सकाळी त्या कापसाच्या बोळ्याने छपाईपट्टी स्पिरिट लावून पुसतात.

बाटलीच्या बाबतीतही त्यांचं हेच शहाणपण दिसतं. आगळाच्या गोल बाटलीवर कोड आडवा गुंडाळला तर त्याच्या कडा वळणाआड जातात. ताई लेबल उभं लावतात, म्हणजे सगळ्या रेघा एका ओळीत समोर येतात. कोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा सोडावी लागते, ती नसली तर कोड कुठे सुरू होतो हेच यंत्राला कळत नाही. चादरीच्या पिशवीवर चुणी आलेली जागा टाळायची, खोक्याचं लेबल झाकणाच्या फटीवर लावायचं नाही, कारण तिकडे खोकं उघडणारा सुरी तिथूनच चालवतो.

एका स्टिकरसाठी एवढी काळजी का, याचं उत्तर गोदामाच्या आतल्या रचनेत आहे. चादरी एका बाजूला, भांडी दुसऱ्या बाजूला, असं तिथे नसतं. आलेला नग मिळेल त्या मोकळ्या खणात जातो. कुठली वस्तू कुठे आहे हे माणसाला ठाऊक नसतं, ते फक्त स्कॅनला ठाऊक असतं. कारखान्याचा मूळ बारकोड, भारतात नोंदलेला असेल तर ८९० ने सुरू होणारा, त्याच वस्तूच्या सगळ्या विक्रेत्यांकडे सारखाच असतो. म्हणून सावध विक्रेता तो झाकून स्वतःचा क्रमांक लावतो. जुना कोड कोपऱ्यातून डोकावला तरी स्कॅनर तो उचलतो आणि नग दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो. लाल चादरीवर निळीचं लेबल लागलं तर गोदामाच्या दृष्टीने ती निळीच, ग्राहकाने घरी उघडेपर्यंत.

या लेबलांवर वापरतात तो कोड १२८ हा प्रकार १९८१ सालचा. त्याच्या शेवटी एक तपासणीचं चिन्ह असतं, आधीच्या सगळ्या चिन्हांचं गणित करून काढलेलं. ते जुळलं नाही तर यंत्र कोड नाकारतं, चुकीचा वाचत नाही. मला हे फार आवडलं. पण लेबल अचूक छापलेलं आणि चुकीच्या वस्तूवर लावलेलं असेल, तर ते गणितही काही करू शकत नाही. तिथे ताईंचा हातच लागतो.

बाकीच्या तयारीचे नियम ऐकून जुने पॅकर चक्रावतात. भांड्यांभोवती पेंढा किंवा कागदाच्या पट्ट्या भरायची आपली पद्धत. गोदामाला पट्ट्या आणि थर्माकोलचे दाणे नामंजूर, मोठ्या पिनाही नामंजूर. पिशवीचं तोंड पाच इंच किंवा त्याहून मोठं असेल तर मुलांना गुदमरण्याचा धोका असल्याची सूचना त्यावर हवी. समयांची जोडी असेल तर 'हा संच आहे, वेगळा करू नये' असं लिहावं लागतं, नाहीतर तिकडे एक समई विकली जाते आणि दुसरी पडून राहते. काचेची बाटली बांधून तीन फुटांवरून पाडून बघतात. ताईंच्या हातची बाटली मी स्वतः पाडून पाहिली. ती फुटली नाही.

गाळ्याच्या दारापर्यंत हे सगळं कौतुकाचं आहे. पुढचं मात्र काळजीचं आहे.

पहिली अडचण कागदाची. गोदामात माल ठेवायचा तर ते गोदाम आपल्या जीएसटी नोंदणीत व्यवसायाची जादा जागा म्हणून दाखवावं लागतं. राज्यातल्या गोदामात माल डिलिव्हरी चलनावर जातो. तोच हरियाणातल्या गोदामात ठेवायचा म्हटलं तर तिथली वेगळी नोंदणी हवी, आणि एकही नग विकला गेला नसताना आपणच आपल्याला बीजक करून कर भरायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन विक्रीसाठी नोंदणीची सक्ती नाही, पण राज्यातच विकणार असाल तरच. बचत गटाला आगळाची एक बाटली बेळगावला पाठवायची तर नोंदणी आलीच.

दुसरी अडचण फाटकाची. माल उतरवायची वेळ ठरवून मिळते. मानकोलीच्या कोंडीत टेम्पो अडकला आणि वेळ हुकली तर पुन्हा नवी वेळ, टेम्पोचं भाडं पुन्हा. पावसाळ्यात खोक्याचा तळ ओला निघाला तर माल परत. गाळ्याच्या मालकाने एका विक्रेत्याची वही दाखवली. त्याने साठ नग पाठवले होते आणि तिकडे अठ्ठावन्न मोजले गेले. दोन नगांसाठी त्याला फोटो, वजन, सही असलेलं चलन सगळं पाठवावं लागलं, आणि एका नगाचे पैसे मिळाले.

खाण्याच्या वस्तूंचं आणखी कठीण. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की ग्राहकाच्या हाती पडताना वस्तूची किमान तीस टक्के किंवा पंचेचाळीस दिवसांची मुदत शिल्लक हवी. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण गोदामात पडून राहिलेल्या मालाचं घनफुटावर भाडं चढतं, मुदत जवळ आली की विक्री थांबते, आणि माल परत मागवायचा तर त्याचेही पैसे. मोठी कंपनी हे सोसते. वर्षाला एकदाच कोकमं फोडून आगळ करणाऱ्या बाईंना ते परवडत नाही.

सरकारी मेळाव्यांत बचत गटांना ऑनलाइन विक्रीचं शिक्षण दिलं जातं. त्यात फोटो कसा काढावा हे असतं, लेबल कसं लावावं आणि चलन कसं लिहावं हे फारसं नसतं. प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्रात असं एक टेबल, एक चांगलं छपाई यंत्र आणि ताईंसारखी एक शिकवणारी बाई ठेवायला फार खर्च येणार नाही. हे व्हायला हवं. तोवर, जे पहिल्यांदा माल पाठवणार आहेत त्यांना एवढंच सांगतो: पहिली खेप लहान ठेवा, प्रत्येक खोकं बंद करण्याआधी आतला फोटो काढा, भरलेलं खोकं काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, आणि फाटकावर सही-शिक्का मिळालेली चलनाची प्रत ड्रायव्हरकडून त्याच दिवशी ताब्यात घ्या.