जुनं घर पाडायचं की सावरायचं?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय.

आजचा विषय आमच्याच घरातला. चिखलदऱ्याला आजोबांचं घर आहे. दगडी भिंती, सागवानी वासे, वर कवेलू. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली आणि घरात दोन पक्ष पडले. बाबा म्हणाले, "पाडून टाकू, स्लॅबचं बांधू." आजी म्हणाली, "पाडाले एक दिस लागते बापा, बांधाले जिनगी जाते." आणि कर्ज काढायचं होतं माझ्या पगारावर!

मी सॉफ्टवेअरवाला. जुना कोड दिसला की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं, सगळं नव्याने लिहू. मग हळूहळू कळतं की त्या जुन्या कोडने कितीतरी अडचणी गुपचूप सोडवलेल्या होत्या. म्हणून घरच्यांना म्हटलं, आधी एवढंच शोधू, दुखणं कातडीला आहे की हाडाला?

हाडं कशी तपासायची?

भिंतीला ओळंबा लावा. भिंत सरळ आहे की पोट काढून उभी आहे, ते लगेच दिसतं. भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, शेजारी नाणं धरून मोबाईलवर फोटो काढा. दर महिन्याला पुन्हा तसाच फोटो घ्या. गिलाव्यातली केसाएवढी भेग बहुतेक वेळा कातडीची असते. कोपऱ्यातून तिरपी जाणारी आणि वाढत राहणारी भेग हाडाची. वाशांची टोकं जिथे भिंतीत शिरतात, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी नाहीतर कूज.

हे सगळं भर पावसात बघा. उन्हाळ्यात प्रत्येक घर शहाणं दिसतं. आणि शेवटचं मत स्ट्रक्चरल इंजिनियरचंच घ्या, तेही लेखी. ज्याला बांधकामाचं काम मिळणार आहे, त्याच्याकडून नको.

किल्लारीने काय शिकवलं?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तिथली बरीच घरं जाड दगडी भिंतींची, चिखलात बांधलेली, वर मातीचं जड धाबं. अशी भिंत आतून दोन पदरांची असते, मधे भरताड. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्यात पदर सुटतात आणि छप्पर अंगावर येतं.

पण पुढची गोष्टही ऐका. 52 गावं नव्या जागी वसवली गेली, आणि त्याच वेळी कमी नुकसान झालेली असंख्य घरं पाडण्याऐवजी मजबूत केली गेली. भिंतीला भोकं पाडून लोखंडी सळीचे काँक्रीटचे सांधे घालायचे, छपराचं ओझं कमी करायचं, भिंतींना चहूबाजूंनी पट्टा बांधायचा. म्हणजे सरसकट उत्तर तिथेही नव्हतं. घर बघून निर्णय झाला.

आमच्या मागच्या भिंतीचं दुखणं हेच निघालं, आरपार दगडच नव्हते. त्यात कधीतरी चुन्याच्या जुडाईवर सिमेंटचा गिलावा मारलेला. चिखलदऱ्याला पावसाळ्यात ढग घरात शिरतात, भिंत ओल पिते. चुन्यातून ती ओल वाळून जाते, सिमेंट तिला आत कोंडतं.

पैशाचा हिशोब

इंजिनियरने दोन्ही अंदाज काढून दिले: नवं घर 26 लाख, दुरुस्ती 11 लाख. नव्याच्या अंदाजात पाडण्याचा, मलबा हलवण्याचा, परतवाड्याहून घाटातून माल चढवण्याचा आणि तोवर भाड्याने राहण्याचा खर्च आहे का, ते विचारा. दुरुस्तीच्या अंदाजात वीस टक्के वरचे धरा. भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच!

कराचंही बघा. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट, नवं बांधकाम पाच वर्षांत पूर्ण झालं तर वर्षाला 2 लाखांपर्यंत मिळते. दुरुस्तीच्या कर्जाला फक्त 30 हजारांपर्यंत. आणि घर अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर आधी वारसांची नोंद करा. नाहीतर बँकेत पहिल्याच टेबलावर गाडी अडते.

परवानगीचं नगरपरिषदेत लेखी विचारा. नव्या घराला आजचे नियम लागतात, आजूबाजूला जागा सोडावी लागू शकते. हद्दीला खेटून बांधलेलं जुनं घर पाडलं, तर तेवढं मोठं घर पुन्हा उभं राहीलच असं नाही.

मग आम्ही काय केलं?

मागची भिंत उतरवून त्याच दगडांनी पुन्हा बांधतोय, यावेळी आरपार दगड घालून. सिमेंट खरवडून चुना, सडलेले सात वासे बदलायचे, कवेलू चाळून पुन्हा घालायचे. बाबांसाठी मागे नवं बाथरूम, वर छोटासा स्लॅब. दोघंही थोडे नाराज, म्हणजे निर्णय बरोबर असावा.

पाया खचला असता किंवा चारही भिंती फुगल्या असत्या, तर मीच आजीला समजावलं असतं. जुन्या घरावरची माया खरी असते, पण झोपायचं त्याच छपराखाली असतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर घरी ओळंबा लावून बघा!