बेस गिटार वाजविताना हाताला येणारा पेटका : कारणे व उपाय

गायनवृंदातील बेस गिटारवादकाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. गायकांचा स्वर आणि कीबोर्डची धून कानांत भरते. बेसचा खर्ज मात्र थांबल्यानंतरच जाणवतो. तो मध्येच थांबला, तर पुष्कळदा दोष वाद्याचा नसतो आणि विजेचाही नसतो. वादकाच्या डाव्या हाताला पेटका आलेला असतो. अंगठ्याखालचा मांसल भाग दगडासारखा घट्ट होतो, बोटे आखडतात आणि तारेवरून हलेनाशी होतात.

सोलापूर व परिसरातील आपले कित्येक तरुण रविवारी चर्चमध्ये आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रामध्ये वाजवितात. काहींच्या घरखर्चाला त्या मिळकतीचा हातभार लागतो. हात दुखतो असे सांगितले, तर आपल्या जागी दुसऱ्याला घेतील या धास्तीने ते गप्प राहतात. काही जण वाद्यच सोडून देतात. म्हणून या विषयाची माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बेस गिटार हे तसे अलीकडचे वाद्य आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि हे वाद्य जगभर पसरले. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊनच, स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने अन्य वाद्यांनाही वाट मोकळी करण्यात आली. त्या वाटेने गिटार आणि मागोमाग बेस गिटार आपल्या वेदीजवळ आले.

हाताला इतके कष्ट का पडतात?

साध्या गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटर लांब असते, तर प्रचलित बेस गिटारची ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. साहजिकच फ्रेट, म्हणजे सतारीवर ज्यांना आपण पडदे म्हणतो, तेही दूरदूर असतात. पहिल्यापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर गिटारवर दहा सेंटिमीटरहून थोडे कमी, तर बेसवर सुमारे १३ सेंटिमीटर भरते. तारा जाड असतात. वाद्याचे वजनही चार किलोच्या आसपास असते आणि ते तासन्‌तास खांद्यावर राहते.

बोटे वाकविणारे प्रमुख स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातील एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. या बोगद्यात नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस दाटीवाटीने असतात. मनगट सरळ असेल, तर हे काम सुरळीत चालते. मनगट आतल्या बाजूला फार वाकले की पकड दुबळी होते आणि तोच स्वर दाबण्यासाठी स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. अंगठ्याचे छोटे स्नायू मात्र तळहातातच असतात. दांडी चिमटीत आवळून धरली, की प्रथम तेच थकतात.

पेटका म्हणजे स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आकुंचन पावणे आणि तसाच राहणे. थकलेल्या स्नायूमध्ये आकुंचनाचे संदेश वाढतात आणि त्यांना आवर घालणारे संदेश क्षीण होतात, असे स्पष्टीकरण आज बहुतेक अभ्यासक देतात. स्नायू हळुवार ताणला की हे आवर घालणारे संदेश पुन्हा जागे होतात. म्हणूनच ताण दिल्यावर पेटका सुटतो. पाणी आणि क्षार कमी पडल्यामुळेच पेटका येतो, ही समजूत सर्रास आढळते. परंतु संशोधकांत त्याबद्दल एकमत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मांडवात वाजविणाऱ्याने पाणी प्यावे हे योग्यच. मात्र चुकीची पकड लिंबू-सरबताने सुधारत नाही.

विडी वळणाऱ्या आपल्या भगिनींना हे वेगळे सांगावयास नको. हजार विड्यांवर मजुरी ठरते, त्यामुळे बोटे तीच हालचाल दिवसभर करतात आणि हाताला विश्रांती मिळत नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. लेखनिकांचे हात का थकतात, याची कारणे देताना त्यांनी सततची बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण यांचा उल्लेख केला आहे. बैठकीचे कारण वगळले, तर उरलेली दोन्ही कारणे आपल्या वादकालाही तंतोतंत लागू पडतात.

घरी नाही, मग मंचावरच का?

याचे पहिले कारण पट्टा. सराव बसून होतो, तेव्हा वाद्य छातीजवळ असते. मंचावर उभे राहिल्यावर ते कमरेखाली लोंबते आणि मनगट काटकोनात वळते. बसून आणि उभे राहून वाद्य एकाच उंचीवर येईल, इतका पट्टा आखूड करावा. दांडीचे टोकही थोडे वर असावे. दिसायला हे तितके रुबाबदार नसेल, पण हात वाचतो.

दुसरे कारण मनाची धडधड. भीती वाटली की मूठ आपोआप आवळते. तिसरे कारण ऐकू न येणे. ड्रमच्या गजरात स्वतःचा स्वर ऐकू आला नाही, की वादक दोन्ही हातांनी अधिक जोर लावतो. मॉनिटर आपल्याकडे वळवून घ्यावा, अॅम्प्लिफायरचा आवाज थोडा वाढवावा आणि बोटे हलकी ठेवावीत. आवाज मोठा करणे हे यंत्राचे काम आहे, ते बोटांवर लादू नये.

सरावातील सुधारणा

एक सोपी परीक्षा घ्यावी. तारेवर बोट नुसते टेकवून वाजवावे. आवाज दबका येईल. मग दाब किंचित किंचित वाढवावा. स्वर स्वच्छ निघाला की थांबावे. आवश्यक जोर तेवढाच. त्यापलीकडचा सर्व जोर वाया जातो. बोट फ्रेटच्या अगदी मागे, परंतु फ्रेटवर न चढता टेकविले, तर हा जोर आणखी कमी लागतो. त्यानंतर अंगठा दांडीपासून सोडवून काही क्षण वाजवून पाहावे. अंगठ्याचे काम आधार देण्याचे आहे, आवळण्याचे नव्हे.

खालच्या फ्रेटवर चार बोटे चार घरांत ताणण्याचा हट्ट धरू नये. मोठ्या उभ्या डबल बेससाठी फ्रांत्स सिमांडल (१८४०-१९१२) यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पहिले, दुसरे आणि चौथे अशी तीनच बोटे वापरतात; तिसरे बोट चौथ्याला साथ देते आणि पुढच्या स्वरासाठी संपूर्ण हात सरकतो. बेस गिटारवरही ही पद्धत उत्तम चालते. हात लहान असल्यास सुमारे ३० इंचांची आखूड बेस गिटार मिळते. तारा दांडीपासून फार उंच असतील, तर जाणकार कारागिराकडून त्या योग्य उंचीवर आणून घ्याव्यात.

ऐन वेळी पेटका आला तर

पेटक्याशी झुंजू नये. शक्य तेथे मोकळ्या तारेवर स्वर वाजवावा आणि तेवढ्या वेळात डावा हात खाली सोडून सैल करावा. अलंकार वगळून प्रत्येक मात्रागटाच्या आरंभी फक्त मूळ स्वर द्यावा. गाणाऱ्यांचा आधार तेवढ्याने टिकतो. गीत संपताच दुसऱ्या हाताने आखडलेली बोटे आणि अंगठा हलकेच मागे सरळ करून पंधरा-वीस सेकंद धरावीत. झटका देऊ नये. थंडीत हात उबदार ठेवावेत. गीतांचा क्रम ठरवितानाच दोन जलद गीतांमध्ये एक संथ गीत ठेवण्याची विनंती संचालकांना करावी. यात कमीपणा मुळीच नाही.

वैद्यांकडे केव्हा जावे?

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातील नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळीला मुंग्या येत असल्यास कोपराजवळची नस तपासावी लागते. हातातील शक्ती कमी होणे, वाद्य बाजूला ठेवल्यावरही पेटके येणे, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असणे, लघवी वाढविणारी औषधे चालू असणे, अशा वेळी घरगुती उपायांवर विसंबू नये. सोलापुरात ‘सिव्हिल’ या नावाने परिचित असलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. तेथे किंवा आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे प्रथम दाखवावे.

आणखी एक विकार पेटक्यासारखा भासतो, पण तो वेगळा आहे. त्यात बहुधा वेदना नसते. एखादे बोट फक्त वाद्य वाजवितानाच आपोआप मुडपते. इतर कामे नीट होतात. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात आणि त्याचे मूळ मेंदूकडून हालचालींना मिळणाऱ्या आज्ञांत असते. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर (१९२८-२०२०) यांचा उजवा हात १९६०च्या दशकात असाच निकामी झाला. पुढील तीन दशके ते मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवीत, वाद्यवृंदाचे संचालन करीत आणि शिकवीत राहिले. १९९०च्या दशकात बोट्युलिनम इंजेक्शन व अन्य उपचारांनी ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. अशा विकारात सराव वाढविल्याने लाभ होण्याऐवजी हानी होऊ शकते. म्हणून मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

दुःख सोसणे हा ख्रिस्ती माणसाला परिचित सद्गुण आहे. परंतु शरीर जी सूचना देते तिच्याकडे पाठ फिरविणे, याला सोसणे म्हणत नाहीत. गायनवृंदाच्या संचालकांना आमची विनंती आहे, की सरावाच्या दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे वाद्ये खाली ठेवावयास सांगावीत आणि कुणाचा हात दुखतो आहे का, हे स्वतः विचारावे. तरुण वादक आपण होऊन सांगत नाही. विचारल्यावर मात्र बहुधा सांगतो.