न्हावा शेवाला कुणी लक्ष्य केलंच नव्हतं

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या नागपूरला बंदराशी काय देणंघेणं? आहे बरंच. विदर्भातला निर्यातीचा माल इथल्या कॉनकॉर या सरकारी कंपनीच्या कंटेनर डेपोतून रेल्वेनं मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात जातो, आणि तिथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलमध्ये कॉनकॉरचाच 26 टक्के हिस्सा होता. बाकीचा डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचा. 27 जून 2017 रोजी हे टर्मिनल ठप्प झालं. जहाजवाहतूक खातं तेव्हा नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्याकडे होतं.

‘जेएनपीटीवर’, म्हणजे न्हावा शेवा बंदरावर, ‘सायबर हल्ला’ असंच आजही बोललं जातं. हल्ला होता युक्रेनवर. तिथल्या कंपन्या मेडॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायच्या, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. त्याच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ हे घातक सॉफ्टवेअर पेरलं गेलं. मर्स्कचा कारभार युक्रेनमध्येही होता, त्यामुळे कंपनीच्या जाळ्यातून ते न्हावा शेवापर्यंत पोचलं. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं. त्या मंडळींच्या गावीही न्हावा शेवा नसावं. बंदरातली बाकीची टर्मिनलं तर चालूच होती.

मग कुणी कर्मचाऱ्यानं भलत्या ईमेलवर क्लिक केलं असेल, हा दुसरा आवडता तर्क. सगळं खापर कारकुनाच्या डोक्यावर फोडायला तो बरा पडतो. पण इथे क्लिकची गरजच नव्हती. फाइली आणि प्रिंटर जाळ्यावरून सामायिक वापरता यावेत म्हणून विंडोजमध्ये एसएमबी नावाची यंत्रणा असते. तिची पहिली आवृत्ती 1980 च्या दशकातल्या रचनेवर उभी आहे. समोरच्या संगणकाकडून आलेली एक यादी जुन्या साच्यातून नव्या साच्यात बसवताना तिचा कोड यादीची लांबी मोजतो. लांबीचा आकडा 32 बिटांचा, पण दुरुस्ती करताना त्यातले 16 बिटच बदलले जायचे. परिणामी जागा राखली जायची थोडी आणि माहिती ओतली जायची जास्त. उरलेली शेजारच्या मेमरीवर सांडायची, आणि ती मेमरी थेट विंडोजच्या गाभ्यातली. तिथे नेमकं काय सांडायचं हे ज्याला जमलं, त्याला पासवर्ड लागत नव्हता. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं ही फट हेरली आणि मायक्रोसॉफ्टला न सांगता तिच्यावर ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार बेतलं. एप्रिल 2017 मध्ये ते चव्हाट्यावर आलं आणि पुढे नॉटपेट्यात वापरलं गेलं.

मायक्रोसॉफ्टनं या फटीवरची दुरुस्ती, म्हणजे पॅच, ते हत्यार चव्हाट्यावर येण्याआधीच, 14 मार्चला दिला होता. म्हणून ‘पॅच टाकला असता तर काहीच झालं नसतं’ असं तज्ज्ञही सहज बोलून जातात. ते अर्धंच खरं आहे. नॉटपेट्याला जाळ्यात पॅच नसलेला एकच संगणक पुरायचा. त्याच्या मेमरीतून ते प्रशासकाचे पासवर्ड उचलायचं आणि विंडोजचीच अधिकृत साधनं वापरून पॅच टाकलेल्या संगणकांतही रीतसर शिरायचं. एकाच प्रशासकाच्या पासवर्डवर सगळं कार्यालय चालवायची सवय इथे पॅच नसण्याइतकीच नडली.

खंडणी भरली की फाइली परत मिळतात, हाही भ्रमच. पडद्यावर 300 डॉलरची मागणी झळकायची खरी, पण सोबतचा ओळख-क्रमांक हे निव्वळ यदृच्छेनं जुळवलेले आकडे-अक्षरं होती. त्यावरून कुणाचंही कुलूप उघडता येणार नव्हतं. मर्स्कनं दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं उभे केले आणि 25 ते 30 कोटी डॉलरचा फटका सोसला. त्यांच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत जगात शाबूत सापडली, घानाच्या कार्यालयात. तिथली वीज गेल्यामुळे तो सर्व्हर त्या वेळी बंद होता. भारनियमनाचा असा फायदा महावितरणलाही सुचला नसता.

हे वाचून, खुला कोड सुरक्षित असतो म्हणणारे लिनक्सवाले मनातल्या मनात हसत असतील. त्यांच्यासाठी एप्रिल 2014 ची आठवण. वेबसाइटचे व्यवहार कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअर लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड सापडलं. समोरच्यानं सांगितलेली लांबी न तपासता ती एका वेळी 64 केबीपर्यंत मेमरी परत पाठवायची. हा कोड दोन वर्षं सगळ्यांसमोर उघडा होता. उघडा असणं आणि कुणीतरी तो वाचणं यांत अंतर आहे, कारण जगभर वापरली जाणारी ही लायब्ररी मोजके लोक तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत होते.

शेवटचा समज, की 2017 चं प्रकरण इतिहासजमा झालं. ऑक्टोबर 2017 पासून विंडोज 10 च्या नव्या मांडणीत एसएमबीची पहिली आवृत्ती आपसूक बसत नाही. पण कार्यालयांतली जुनी झेरॉक्स-स्कॅनर यंत्रं स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकायला तीच मागतात, आणि यंत्र दुरुस्त करायला आलेला माणूस ती चालू करून निघून जातो. तुमच्याकडे ती चालू आहे का हे कंट्रोल पॅनेलमधल्या ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत दिसतं. एसएमबी 1.0 पुढे खूण असेल, तर ती काढण्याआधी स्कॅनर नवी आवृत्ती चालवतो का, एवढं मात्र विचारून घ्या.