कुऱ्हाडीचं पोलाद : कोनासमुद्रमची मूस आणि ट्रकचा पाटा

दख्खनच्या पोलादाचा विषय निघाला की बोलणं लगेच दमास्कसच्या तलवारींवर जातं. कुऱ्हाडीबद्दल कुणी विचारत नाही. पण पोलाद कसं निवडायचं आणि त्याला पाणी कसं द्यायचं, हे समजून घ्यायला कुऱ्हाडीइतकं सोयीचं हत्यार नाही. तिला धार हवी आणि प्रत्येक घावाला धक्काही सोसायला हवा. या दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

आधी आपल्या जवळचं उदाहरण पाहू. निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावी पोलाद विकत घ्यायला थेट इस्फहानहून इराणी व्यापारी येत. 1820च्या सुमारास हेन्री व्हॉयसी यांनी तिथलं काम पाहून लिहून ठेवलं. हे लॅम्ब्टनच्या सर्वेक्षणातले डॉक्टर आणि भूवैज्ञानिक. (लॅम्ब्टन म्हणजे हिंगणघाटला ज्यांची कबर आहे तेच.) व्हॉयसींचं टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, 1832 साली छापलं गेलं.

त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली निवडीची : मुशीत एकच लोखंड जात नसे. मिर्तपल्लीचं तीन भाग आणि कोंडापूरचं दोन भाग, असं प्रमाण ठरलेलं होतं. दुसरी आगीची : चोवीस तासांनी मुशीतून निघालेली वडी लगेच ऐरणीवर जात नसे. तिला मातीचा लेप देऊन पुन्हा बारा ते सोळा तास भट्टीत ठेवत आणि गार करत. वडी ठोकण्याइतकी मऊ होईपर्यंत हे तीन-चार वेळा चाले.

कारण सरळ आहे. मुशीच्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो. वडी गार होताना या कार्बनची कठीण, ठिसूळ जाळी तयार होते. दीर्घकाळ तापवलं की जाळी तुटते, तिचे बारीक दाणे होतात आणि घण सोसवतो. पुढेही वडी लालसरच ठेवायची. पांढरीफेक तापवली तर घणाखाली तिचे तुकडेच होतात. युरोपातल्या अनेक लोहारांची अडचण हीच होती. त्याच वर्षांत लंडनमध्ये मायकेल फॅरेडे या पोलादाचं रहस्य शोधत होते. त्यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. मिश्र पोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाची ती सुरुवात मानतात.

मग या पोलादाची कुऱ्हाड चांगली होईल का? सबंध पातं त्याचं केलं, तर नाही. दीड टक्का कार्बनची धार टिकेल, पण गाठीच्या लाकडावर टवका उडेल. म्हणून जुने लोहार अंग मऊ लोखंडाचं करत आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून जोडत. महाग माल तिथेच, जिथे त्याचं काम.

आज गावचा लोहार ट्रकचा कमानपाटा घेतो. आपल्या शेजारच्या लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात वावरलेल्यांना पाटे नवे नाहीत. यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन. सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमची जोड. धक्का सोसणं हेच त्याचं काम, म्हणजे निवड उत्तम. फक्त जुन्या पाट्यात बारीक तडे असू शकतात, ते आधी तपासावेत.

बिघडतं ते पुढे. ठोकून झाल्यावर एकदा लाल करून हवेत गार होऊ द्यावं, म्हणजे आतला ताण जातो. मग फक्त धारेकडचा भाग तापवायचा. सुमारे 770 अंशांना लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर, साधारण 850पर्यंत न्यायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. पाण्यात नाही. हे पोलाद तेलातही कडक होतं, पाण्यात तडकतं. दांड्याच्या भोकाकडचा भाग मऊच राहू द्यावा.

आता धार काचेसारखी आहे. इथेच थांबलात तर टवका उडून डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून धार घासून चकचकीत करायची आणि माथ्याकडून हळूहळू ऊब द्यायची. रंग धावत येतात : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे 300 अंशांना निळा. चाकूला पिवळा चालतो. कुऱ्हाडीला जांभळा-निळा यायला हवा. थोडा कडकपणा गेला तरी चालेल, चिवटपणा मिळतो.

म्हणजे ‘जुनं पोलाद श्रेष्ठ की नवं’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी आणि किती आगीतून, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

एक विनंती. 2010 साली बंगळूर आणि एक्सेटरच्या अभ्यासकांनी तेलंगणातल्या जुन्या भट्ट्यांच्या जागा पायी फिरून नोंदवल्या. पण तिथल्या मालाचं शेवटी काय झालं, याचा काही पुरावा आपल्या घरांतही असू शकतो. अडगळीत आजोबांची कुऱ्हाड सापडली, तर ती घासू नका आणि धार लावायला म्हणून भट्टीत तर मुळीच घालू नका. कोणतं पोलाद, किती कार्बन, पाणी कसं दिलं, हे धातूच्या दाण्यांत अजून वाचता येतं. दाण्यांची रचना एका तापवण्यातच पुसली जाते.