केमोथेरपी जिल्ह्यात येतेय, ती देणारी नर्स कुठे आहे?

येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केली. त्यातली २०० पहिल्याच वर्षी. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर मुक्कामाला राहिलेली आपली गावाकडची माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना ही बातमी दिलासा देणारीच वाटेल. आम्हालाही वाटली. पण केमो लिहून देतो डॉक्टर आणि रुग्णाच्या शिरेत सोडते नर्स. तिला हे काम शिकवणार कोण?

साधे सलाईन शिरेबाहेर गेले तर हात सुजतो आणि उतरतो. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते, बाहेर झिरपले तर कातडी आणि खालचे मांस जळते. जखम महिनोन्‌महिने भरत नाही. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतूनच द्यायचे असते, चुकून पाठीच्या कण्यात टोचले तर रुग्ण दगावतो. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी खूप घटतात. त्या काळात १००.४ ताप म्हणजे इमर्जन्सी. अशा वेळी फोनवर ‘तापाची गोळी द्या, उद्या बघू’ असे सांगणे जिवावर बेतू शकते. ही औषधे हाताळणाऱ्यांनाही घातक असतात. केमोनंतर किमान ४८ तास रुग्णाची लघवी, उलटी साफ करताना ग्लोव्हज लागतात. वॉर्डातल्या मावशींना हे सांगितले जाते का, तेही विचारून पाहा.

जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. दोन्हींत कॅन्सर हा मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमधला एक भाग, एवढेच. पुढे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. अभ्यासक्रमात खोट नाही. खोट आहे ती पुढे. वस्तीतून नर्सिंगला गेलेल्या ज्या मुली आम्हाला कामात भेटतात, त्यांच्यातल्या कित्येक जणी घरातल्या एकट्या कमावत्या आहेत, वर शिक्षणाचे कर्ज. वर्षभर पगार सोडायचा कसा? आमच्या ओळखीच्या एका सिस्टरने धाडस केले. परतल्यावर पगारात एक रुपयाची वाढ नाही आणि सहा महिन्यांत ड्युटी बदलून थेट प्रसूती वॉर्डात! तिच्या जागी आलेली नवी मुलगी दुसऱ्या दिवसापासून केमो लावू लागली.

म्हणून नुसते कोर्स वाढवून भागणार नाही असे आम्हाला वाटते. शिकायला जाणाऱ्या नर्सला पगारी रजा हवी. शिकून आली की काही वर्षे तिला त्याच विभागात ठेवण्याचा नियम हवा, आणि त्या कौशल्याचा भत्ताही.

तरुण कार्यकर्त्यांनी तोवर एक करावे. आपल्या जिल्हा रुग्णालयात केमो केंद्र सुरू झाले असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: केमो देणाऱ्या नर्स किती, त्यांचे प्रशिक्षण कुठे आणि किती आठवडे झाले, आणि गेल्या वर्षात त्यांतल्या कितींची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली?